बांधकामातल्या कोर्ट-निकालांचं मासिक डायजेस्ट, वर्षभर वापरून झालं, आता खरं काय ते सांगतो

मी बिलिंग आणि क्लेमची पत्रं बघतो, वकील नाहीये. बांधकामातल्या वादांवर कोर्टांनी काय निकाल दिले त्याचं हे ऑनलाइन डायजेस्ट, दर महिन्याला एक पीडीएफ येते आणि जुने निकाल शोधायला वेबसाइट आहे. नाव टाकत नाही कारण खाली तक्रार आहे.

आधी चांगलं सांगतो. हे लोक कलमांपासून सुरू करत नाहीत, साइटवर काय झालं तिथून करतात. रक्सलीचाच निकाल घ्या, १९९५, इंग्लंड. स्विमिंग पूल ७ फूट ६ इंच खोल ठरला होता, झाला ६ फूट ९ इंच, मालक म्हणतो फोडून परत बांधायचे २१,५६० पाउंड द्या, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) ठेवले फक्त २,५००, कारण पूल वापरायला सुरक्षित होता, किंमतही घटली नव्हती, मग एवढा खर्च कशाला. हे वाचून कॉन्ट्रॅक्टर खूश होणारच, पण पुढच्याच पानावर न्यूयॉर्कचा १९२१ चा जेकब अँड यंग्ज लावलाय, त्यात ठरलेल्या कंपनीचा पाइप न टाकता दुसरा टाकला तरी चाललं, पण चूक मुद्दाम केलेली नव्हती म्हणून, आणि ही ओळ त्यांनी ठळक केलीये. बरं केलं, आमच्याकडे 'सेमच आहे ना' म्हणून मेक बदलणारे कमी नाहीत.

खरा उपयोग झाला तो फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या कामाच्या वेळी. खड्डे खणून तयार, पाणी उपसायचा पंप दिवसरात्र चालू, सळई कापून गंजत पडलेली आणि सुधारित ड्रॉइंग रोज फोनवर 'उद्या देतो'. मी निवांत होतो, उशीर मालकाचाच आहे म्हणलं, कारण पीक विरुद्ध मॅकिनी (१९७०) अर्धवट वाचलेला. त्यात पाइलमध्ये (जमिनीत खोल घातलेल्या पायाच्या खांबात) दोष निघाला, पण पुढचा बराच वेळ मालकाने घालवला, काम ५८ आठवडे अडकलं आणि एलडी (उशिरासाठी कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच ठरवलेली भरपाई) लागली नाही. डायजेस्टने खाली चौकट टाकली होती की तिथल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मालकाच्या उशिरासाठी मुदतवाढीची सोयच नव्हती, तुमच्यात असेल तर नोटीस वेळेत द्या. आमच्यात होती, फिडिकचं (आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटना) जुनं १९९९ चं रेड बुक, म्हणजे त्यांचा तयार कॉन्ट्रॅक्टचा नमुना, नोटीसला २८ दिवस. तो १९ वा दिवस होता. साहेब म्हणाले संबंध बिघडतील, तरी पत्र गेलं. २१ दिवसांची मुदतवाढ मागितली, १६ दिवस मिळाले, संबंध आहेत तसेच आहेत.

आता तक्रार, आणि ही छोटी नाही. एक सबकॉन्ट्रॅक्टर काम अर्धवट टाकून गेला, कॉन्ट्रॅक्ट इंग्लिश लॉवर, टर्मिनेट केलं. मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलं की काम पूर्णच झालं नाही तर एलडी लागत नाही, ट्रिपल पॉइंटचा निकाल, इंग्लंडचं कोर्ट ऑफ अपील, २०१९. आमच्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, '२०२१ चा सुप्रीम कोर्टाचा वाचला नाही का?' तिथे, म्हणजे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात, हे उलटवलंय, टर्मिनेशनपर्यंतची एलडी धरता येते, पुढचं नुकसान वेगळं सिद्ध करायचं. मी गप्प. परत येऊन बघतो तर डायजेस्टमध्ये दोन्ही निकाल आहेत, पण २०१९ च्या पानावर 'हे फिरवलं गेलंय' असा साधा शिक्का पण नाही, लिंक पण नाही. निकालांचा धंदा करता आणि कुठला जिवंत आहे ते सांगत नाही, मग घ्यायचं कशाला?

सर्च पण अडाणी आहे, 'ईओटी' (एक्स्टेन्शन ऑफ टाइम, मुदतवाढ) टाकलं की शून्य रिझल्ट, पूर्ण नाव टाइप करा मगच दाखवणार.

रिन्यू केलंय तरी, पाचपैकी तीन स्टार. शिक्क्याबद्दल सपोर्टला लिहिलं, दोन दिवसांत उत्तर आलं की पुढच्या अपडेटमध्ये होईल. त्यानंतर तीन पीडीएफ आल्या, काल रात्री परत बघितलं, २०१९ चं पान आहे तसंच आहे.