पोराच्या गाडीच्या पलंगापायी २०,३४८ रुपये

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. पीकविम्याचे अर्ज, पीएम किसानची केवायसी, सातबारा, गावातलं हे सगळं माझ्याच दुकानातून होतं. "आजी, ओटीपी कोणाले सांगू नको" असं बजावणाराही मीच. म्हणून तर हे लिहायला दोन महिने लागले.

सोयाबीन विकलं होतं, हातात चार पैसे होते. पोरगा सहा वर्षांचा अन् गाड्यांचा वेडा. तान्ह्या पोळ्याला बाकीच्या पोरांनी लाकडी बैलांना झुली चढवल्या, यानं बैलाच्या कपाळावर टॉर्च बांधून हेडलाइट केला. मागची खोली त्याला द्यायचं ठरलं. टेप लावून भिंतीवर काळा रस्ता अन् पांढऱ्या रेषा मीच रंगवल्या. पंक्चरवाल्याकडचे जुने टायर पिवळे करून त्यात खेळणी ठेवली. सगळं बाराशेत झालं. राहिला पलंग. गावातला सुतार गाडीच्या आकाराच्या प्लायवूडच्या पलंगाचे आठ हजार म्हणाला अन् मला ते महाग वाटले!

मोबाईलवर जाहिरात आली. लाल गाडीचा पलंग, सुटे भाग घरपोच, घरीच जोडा, ६,४९९ रुपये. बुकिंगचे १,९९९ भरले. "माल निघाला" म्हणून ४,५०० मागितले, तेही दिले. मग नागपूरहून फोन आला की तिथल्याच वाडी भागातल्या गोडाऊनमध्ये माल अडकलाय, विम्याचे ३,८५० भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. वाडीत ट्रान्सपोर्टची गोडाऊनं आहेत हे मला माहीत, म्हणून पटलं. तेही भरले.

त्यांनी पाठवलेलं बिल आजही मोबाईलमध्ये आहे. पत्ता नागपूरचा अन् जीएसटी नंबर ०७ पासून सुरू होणारा. महाराष्ट्राचा कोड २७, ०७ म्हणजे दिल्ली. हे मी रोज बघतो! फोटोतल्या खोलीत भिंतीवरचं प्लगचं भोकही आपल्याकडचं नव्हतं, दोन उभ्या चिरा होत्या. बायकोनं विचारलंही होतं, "हे बोर्ड कुठचं व्हय?" मी म्हटलं, तुला काय कळते.

आठ दिवस माल आला नाही. पैसे परत मागितले तर समोरचा गोड बोलून लगेच तयार. एकूण १०,३४९ होतात, "९,९९९ आता, ३५० नंतर, क्यूआर स्कॅन करा." स्कॅन केला. पडद्यावर 'पे' लिहिलेलं होतं. पिन मागितला अन् मी टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य माझ्या दुकानाच्या भिंतीवर चिकटवलेलं आहे, माझ्याच अक्षरात. पण कापूस वेचायला आलेल्या बाया मजुरीसाठी दारात उभ्या होत्या, पोरगा "पलंग कधी येते?" म्हणून शर्ट ओढत होता. त्या गडबडीत कोणाचंही झालं असतं. झालं नसतं का?

लाजेनं रात्रभर घरात बोललो नाही. तीच दुसरी चूक. पैसा खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवता येतो, म्हणून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तेव्हाच्या तेव्हा फोन लावायचा असतो. मी लावला सकाळी दहाला. तक्रार क्रमांक मिळाला. पोर्टलवर आजही 'प्रक्रियेत'.

बँकेत साहेब जेवायला गेलेले. दीड तासानं आले, इंग्रजी फॉर्म दिला अन् म्हणाले, "पिन तुमीच टाकला ना भाऊ? मग आमी काय करणार." ठाण्यात गेलो तर हवालदार हसला. "पलंगापायी?" आमची हद्द नाही, जिल्ह्याला सायबरकडे जा. जिल्ह्याला गेलो तर म्हणे ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणे पत्र कायचं? एसटीनं तीन चकरा, ऐन वेचणीचे तीन दिवस बुडाले. मी सांगितलं की २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवावा लागतो. "आमाले कायदा नका शिकवू." गरिबाच्या वीस हजारांसाठी कोणाला वेळ आहे? पुढाऱ्याचे गेले असते तर रात्रीतून गाडी निघाली असती. लेखी पोच मात्र मी सोडली नाही. तुम्हीही सोडू नका, तोंडी बोलण्याला तिथं किंमत नसते. स्क्रीनशॉट पुसू नका. विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगा, खोटा असला तर बहुतेक टाळाटाळ करतो. अन् जीएसटी नंबर सरकारी साइटवर फुकट तपासता येतो. हे मीच लिहितोय, हसा.

पोरगा टायरांजवळ गादी टाकून झोपतो. सुताराकडे जायला मला तोंड नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा आली. नाव दुसरं, फोटो तोच, भिंतीवरच्या दोन उभ्या चिरा त्याच. किंमत आता ५,९९९.