स्केचबुक, मातीचं मॉडेल की सॉफ्टवेअर: लँडस्केपच्या विद्यार्थ्याने आधी हात कशावर बसवावा?

लँडस्केप आर्किटेक्चरच्या, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा आखायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या, पहिल्या-दुसऱ्या वर्षात बहुतेकांची अडचण सारखीच असते. डिझाइन सुचत नाही, ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) ‘यात तुझा विचार कुठे आहे?’ असं विचारलं जातं आणि हातात वेळ मोजका असतो. तो वेळ स्केचिंगला द्यावा, मॉडेल करण्यात घालवावा की सॉफ्टवेअर शिकून घ्यावं? ‘तिन्ही करा’ हे उत्तर चूक नाही, पण त्याचा उपयोगही नाही. सत्र संपतं तेव्हा तिन्ही अर्धवट राहिलेलं असतं. म्हणून इथे स्पष्ट बाजू घेऊन लिहितो आहे. निकष एकच आहे. आपल्या विषयाचा कच्चा माल म्हणजे जमिनीचा चढउतार, पाणी, झाडं आणि काळ. यातलं काय कोणत्या साधनाने दिसतं आणि काय झाकलं जातं?

स्केचबुक

स्केचिंग म्हटलं की सुंदर चित्र डोळ्यांसमोर येतं आणि ‘माझा हात चांगला नाही’ म्हणून अनेक जण तिथेच माघार घेतात. चित्रकलेचा हात इथे लागतच नाही. साईटवर उभं राहून काढायचा असतो तो सेक्शन, म्हणजे जमीन उभी कापली तर कशी दिसेल त्याची रेघ. एखादा बाक निवडा. त्याची उंची आपल्या गुडघ्याशी ताडून पाहा, मागची झाडाची फांदी डोक्यापासून किती वर आहे, समोरची जमीन पावलागणिक किती उतरते, सावली कुठपर्यंत येते, हे सगळं एका रेघेवर मांडा आणि शेजारी एक माणूस काढा. लोक या बाकावर का बसतात आणि पलीकडच्या बाकावर का बसत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच रेघेत सापडतं. फोटो काढला असता तर हे कळलं नसतं, कारण फोटो काढताना काहीच मोजावं लागत नाही.

अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅलप्रिन यांचं उदाहरण यासाठी फार मोलाचं वाटतं. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात पाणी खडकांवरून कसं पडतं, कुठे पसरतं, कुठे थबकतं, हे ते वहीत टिपत राहिले. त्या निरीक्षणातून पोर्टलंड शहरात १९६६ मध्ये लव्हजॉय कारंजं उभं राहिलं. तिथे पर्वताची नक्कल नाही. काँक्रीटच्या पायऱ्यापायऱ्यांवरून पाणी तसं वागतं, एवढंच. कल्पकता याला म्हणायचं.

कागदाचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. १:२०० प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जागेवरचे २० सेंटिमीटर. पेन्सिलची जाड रेघच एवढी जागा खाते की बारीक तपशील ठरवताच येत नाही, आणि सुरुवातीला तो ठरवायचाही नसतो. ट्रेसिंग पेपर एकावर एक टाकत तासाभरात पाच-सहा वेगळे पर्याय काढता येतात. कशावर मेहनत गेलेली नसल्याने टाकून देताना जीवही तुटत नाही.

कागद फसवतो तो प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिल्यासारख्या नकाशात. वरून पाहिलेला वळणदार रस्ता देखणा दिसतो, पण तो ३ मीटर चढतो हे त्या वळणात दिसत नाही.

मॉडेल

इथे मातीचं किंवा प्लॅस्टिसिनचं कामचलाऊ मॉडेल अभिप्रेत आहे. ज्युरीसाठी रात्र जागून केलेलं पांढरंशुभ्र मॉडेल हे सादरीकरण झालं, त्यातून नवं काही सुचत नाही. समान उंचीच्या रेषांनुसार पुठ्ठ्याचे थर कापून केलेल्या कंटूर मॉडेलबद्दलही एक सावधगिरी हवी. त्यात उतार पायऱ्यांसारखा दिसतो आणि मग नकळत आपण पायऱ्यांचीच रचना करत जातो. माती अंगठ्याने दाबली की खड्डा होतो आणि बाजूला उंचवटा येतो. म्हणजे खोदलेली माती कुठेतरी टाकावी लागते, ही या व्यवसायातली पहिली अक्कल आपोआप येते. वरून स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. ते जिथे साचेल तिथे तुमचा बसायचा चौक असेल, तर तो लगेच हलवा.

लंडनच्या हाइड पार्कमधलं प्रिन्सेस डायना स्मारक कारंजं या बाबतीत मुळातून अभ्यासावं असं आहे. लँडस्केप आर्किटेक्ट कॅथरिन गुस्टाफसन यांनी त्याचा आकार मातीत घडवला. मग तो स्कॅन होऊन संगणकात गेला आणि संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांनी ग्रॅनाइटचे ५४५ तुकडे कापले. असं वाहतं वळण माउसने सुचलं असतं असं मला वाटत नाही, आणि ते दगडात नेमकं उतरवणं हाताच्या कुवतीबाहेरचं होतं. पुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची. जुलै २००४ मध्ये ते खुलं झालं आणि काही दिवसांतच लोक घसरून पडल्याने तात्पुरतं बंद ठेवावं लागलं. ओल्या दगडावर माणूस कसा पाय टाकेल, हे मातीतून कळलं नाही आणि पडद्यावरूनही नाही.

सॉफ्टवेअर

कोणत्या वेळी सावली कुठे पडेल, किती घनमीटर माती खोदावी लागेल आणि किती भरावी लागेल, पाणलोट कुठून कुठे वाहतो, हे संगणक जितकं चोख सांगतो तितकं हाताने होत नाही. त्यातही जीआयएस (जागेची माहिती नकाशांच्या थरांत मांडणारं सॉफ्टवेअर) मी लवकर शिकायला सांगेन. लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात माती, उतार, पूर, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधू नये हे शोधण्याची रीत रुजवली. जीआयएसमध्ये तोच विचार करता येतो, आणि तो डिझाइनचाच भाग आहे.

रेंडरबद्दल, म्हणजे संगणकावर बनवलेल्या फोटोसारख्या चित्राबद्दल, मात्र माझं मत कडक आहे. पहिल्या दोन वर्षांत ते जितकं लांबणीवर टाकाल तितकं बरं. झूम करता येत असल्याने विद्यार्थी रस्ता कुठून जावा हे ठरायच्या आत फरशीचा सांधा काढत बसतो. तयार लायब्ररीतून टाकलेलं झाड पहिल्याच दिवशी पूर्ण वाढलेलं असतं; प्रत्यक्षात लावताना ते मनगटाएवढंही जाड नसतं आणि पुढची कित्येक वर्षं तुमच्या ‘गर्द सावलीच्या चौकात’ ऊनच असतं. चित्र इतकं पूर्ण दिसतं की त्यावर शंका घ्यायचं धाडस होत नाही.

तिन्हींत न दिसणारी गोष्ट

झाडांची खरी ओळख यातल्या कोणत्याही साधनाने होत नाही. ब्राझीलचे लँडस्केप आर्किटेक्ट रोबेर्तो बुर्ले मार्क्स यांचे रंगीत प्लॅन पाहून अनेक जण त्यातली वळणं उचलतात. पण ते चित्रकार होते तितकेच वनस्पती-संग्राहकही होते. रिओजवळच्या त्यांच्या बागेत ३,५०० हून अधिक प्रजाती जमल्या आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. कोणतं पान कुठल्या उजेडात कसं दिसतं हे माहीत असल्यामुळेच त्यांचे रंगांचे पट्टे जमिनीवर जिवंत राहिले. जवळची दहा झाडं निवडून वर्षभर त्यांच्या तारीखवार नोंदी ठेवा. याला पैसे लागत नाहीत आणि दुसरा पर्यायही नाही.

तेव्हा निवड अशी करावी. पहिल्या वर्षात असाल तर वही आणि माती, बाकी काही नाही. दुसऱ्या वर्षात जीआयएस आणि एखादं साधं थ्रीडी सॉफ्टवेअर घ्या, पण मातीत आकार सापडल्यावरच ते उघडा. इंटर्नशिप तोंडावर आली असेल तर सॉफ्टवेअरला पुढे ठेवावंच लागेल, कारण ऑफिसात पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगचं काम पडतं. तरीही पोर्टफोलिओत एका तरी प्रकल्पाचे टाकून दिलेले पर्याय, बोटांचे ठसे उमटलेलं मॉडेल आणि साईटवरचा सेक्शन रेंडरच्या शेजारी लावा. विचार कसा झाला हे मुलाखत घेणाऱ्याला त्यातूनच दिसेल.