मिसळणाचा डबा, पेठेतली खरेदी आणि दहा महिने

गेल्या जूनमध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याला भाड्याने खोली घेतली आणि मेसचा डबा बंद केला. स्वयंपाक येतो म्हणजे आमटी-भात, तीन-चार भाज्या आणि अंड्याची करी. मसाल्यांवर दीड हजाराच्या वर खर्च करायचा नाही असं ठरवलं होतं. त्यातले अकराशे पहिल्याच आठवड्यात एका ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या गोल फिरणाऱ्या रॅकवर गेले.

तेव्हा आधी रॅकबद्दल. घेऊ नका.

सोळा काचेच्या बाटल्या, मध्ये स्टीलचा खांब, दिसायला झकास. मी तो ओट्यावर गॅसच्या उजव्या हाताला ठेवला, खिडकीखाली, म्हणजे फोडणी करताना हाताशी येईल. बाटल्यांच्या झाकणाला शिंपडायची बारीक भोकं. आपल्याकडे मोहरी शिंपडतं कोण? चमच्याने घ्यायची तर झाकण फिरवून काढा, आणि तोंड इतकं अरुंद की साधा चहाचा चमचासुद्धा तिरका करून घालावा लागतो. कंटाळून मी बाटली सरळ कढईवर उपडी करायचो. कढईतली वाफ बाटलीत. जुलै संपेपर्यंत धनेपुडीचा गोळा झाला होता आणि हळदीचा खिडकीकडचा भाग चक्क फिका पडला होता. हळदीचा रंग उजेडात उडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरी ती कायम फडताळात, अंधारात असायची, आणि त्याला काही कारण असेल असं कधी वाटलं नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आईला रॅक दाखवला. ती म्हणाली, "झाकण काढस्तवर फोडणी जळंल की रे. मिसळणाचा डबा घे गप."

ऑगस्टमध्ये रविवार पेठेत जाऊन ४३० रुपयांना स्टीलचा डबा आणला. सात वाट्या, दोन झाकणं. दुसरं झाकण महत्त्वाचं. आतली ताटली वाट्यांच्या काठावर टेकायला हवी, नाहीतर डबा हातातून जरा तिरका झाला की मोहरीत हळद आणि जिऱ्यात तिखट. दुकानातच डबा बंद करून हलवून बघा. वाट्यांचा खडखडाट फार झाला तर दुसरा मागा. माझ्या डब्यात मोहरी, जिरे, हळद, तिखट, धने-जिरे पूड, मेथी आणि सातव्या वाटीत जे त्या महिन्यात जास्त लागतं ते. सध्या ओवा आहे. हिंग यात ठेवू नका. त्याची डबी वेगळीच बरी, नाहीतर आठवड्याभरात मेथीलाही हिंगाचा वास येतो. डबा ट्रॉलीत, गॅसपासून लांब. वाटीत आठ-दहा दिवसांपुरतंच भरतो. बाकीचा माल सॉस-लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, बंद कपाटात. लोणच्याच्या बरणीचा वास मात्र झाकणातल्या रबरातून शेवटपर्यंत जात नाही, तिच्यात वेलची ठेवायचा प्रयोग मी करून बसलोय.

आता खरेदी. वाणसामान पाव किलोत मागायची सवय तोंडाला असते. पेठेतल्या मसाल्याच्या दुकानात मी त्याच ओघात "लवंग पाव किलो" म्हणालो. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "लग्न आहे का घरी?" मग त्यांनीच २५ ग्रॅम मोजली, तीस रुपयांची. त्या दिवशी मोहरी २०० ग्रॅम २५ रुपये, जिरे तेवढेच ७० रुपये, धने पाव किलो ४५, मिरी ५० ग्रॅम ५० रुपये. वेलची थोडीच घेतली तरी साठ रुपये लागले. दालचिनी, तमालपत्र, मेथी, ओवा, हिंग आणि चिमूटभर दगडफूल धरून बिल ४८० च्या आसपास झालं. हळद आणि तिखट घरून येतं, ते यात नाही. म्हणजे डबा आणि मसाले मिळून ९१० रुपये, आणि नुसत्या रिकाम्या रॅकला अकराशे. बजेट मोडलं ते मसाल्यांनी नाही.

तीच नावं सुपरमार्केटमध्ये छोट्या पाकिटांत बघितली होती. तिथे खडा मसाला ग्रॅममागे बराच महाग पडतो, आणि तयार पुड्यांच्या बाबतीत तर मी आता हट्टीच झालोय. दळलं की वास उडायला सुरुवात होते, कारण वासाचं तेल हवेला लागतं. अख्खे धने दहा महिन्यांनंतरही चोळले की वास देतात. तीन महिन्यांची धनेपूड म्हणजे पिवळा भुसा. दर रविवारी दोन मूठ धने आणि अर्धी मूठ जिरे कोरडे भाजतो, पूर्ण गार होऊ देतो आणि मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवतो. गरम असताना फिरवलं तर भांड्याच्या झाकणाला पाणी धरतं आणि पूड चिकटते. दहा मिनिटांचं काम आहे. माझ्या भाज्या सुधारल्या त्या याच एका गोष्टीने.

माल बघून घ्यायच्या दोन-तीन खुणा. मिरीत पपईच्या बिया मिसळतात; पाण्यात टाकली की मिरी तळाला बसते, पपईची बी तरंगते. लवंगही बुडायला हवी, तेल काढून घेतलेली वर राहते. शिवाय नख रोवलं तर चांगल्या लवंगेच्या देठातून ओशट ओल दिसते. दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच जातीतल्या दुसऱ्या झाडाची साल असते. खरी सिलोनी, म्हणजे श्रीलंकेकडची, कागदासारख्या पातळ थरांची, बोटांनी मोडते आणि बरीच महाग असते. मसालेभाताला आणि करीला जाड साल चालते, मला त्यात काही कमी वाटलं नाही. रोज दुधात किंवा चहात पूड घालणाऱ्यांनी मात्र सिलोनीच घ्यावी, कारण जाड सालीत कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते यकृताला चांगलं नाही.

दगडफूल ही या खरेदीतली माझी आवडती वस्तू. ते फूल नाही, बुरशी आणि शैवाल एकत्र जगतात तो प्रकार. पुडीत हात घातला तर झाडाचा वाळका पापुद्रा हाताला लागल्यासारखं, वास जवळपास नाहीच. तेलात पडलं की मात्र अचानक गोड्या मसाल्याचा वास येतो. दहा-पंधरा ग्रॅम वर्षभर पुरेल.

गोड्या मसाल्यावरून आठवलं. सप्टेंबरमध्ये उत्साहाने पाव किलोचा घाट घातला. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, तमालपत्र, लवंग, दालचिनी, सगळं थोड्या तेलावर वेगवेगळं परतून दळलं. पहिले पंधरा दिवस आमटी अशी झाली की शेजारच्या खोलीतला मुलगा वाटी घेऊन यायचा. नोव्हेंबरात मसाला खवट झाला. खोबरं आणि तीळ दोन्ही तेलकट, त्यात माझं एकट्याचं खाणं. अर्धा मसाला फेकला, त्यातली लवंग-दालचिनी आठवून जीव तुटला. आता एका वेळी ५० ग्रॅम धन्यांच्या हिशोबाने करतो, तो महिन्याभरात संपतो आणि बरणी फ्रिजमध्ये राहते.

दुसरं नुकसान मिरच्यांचं. अर्धा किलो ब्याडगी स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि पिशवीतच ठेवली. दिवाळीनंतर उघडली तर तपकिरी बारीक किडे. ऊन दाखवून बघितलं, अर्ध्या मिरच्या वाचल्या. आता मिरच्या आणि धने आणले की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये, मग बरणीत. तेव्हापासून किडा दिसलेला नाही. ब्याडगी रंगाला उत्तम पण तिखटाला अगदी मवाळ, एवढं लक्षात ठेवून घ्या. झणका हवा तर दुसरी मिरची जोडीला लागते.

तिखट आणि हळद घरून येतं असं वर म्हणालो. आम्ही सांगलीकडचे, तिथे हळदीचा तोटा नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकनही मिळालं. आणि तिखट म्हणजे आमच्याकडे चटणी, म्हणजेच कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची भरायची, बरणीत मध्ये मध्ये हिंगाचे खडे घालून. त्यामुळे माझा खर्च कुणाला कमी वाटला तर त्यात आईचा वाटा आहे, हे धरून चाला. चटणी विकत घ्यायची तर सुरुवातीला १०० ग्रॅमच घ्या.

दहा महिन्यांत काय काय पुन्हा भरलं: मोहरी तीनदा, जिरे चारदा, धने पाचदा, हिंग दोनदा. मेथी एकदाही नाही. ओवा पहिलाच चालू आहे. वेलची संपली ती चहात, मसाल्यात नाही. रॅक आता बाथरूमच्या माळ्यावर आहे. त्यातल्या चार बाटल्यांत तीळ, बडीशेप, साबुदाणा आणि सुटे स्क्रू.

परवा आईचा फोन आला, "यंदा चटणी किती धरू तुझी?" गेल्या वर्षी दोन किलो दिली होती, त्यातली अर्धी अजून आहे, वरून काळपट पडली आहे. म्हटलं, अर्धा किलो पुरे. ती म्हणाली, "एवढ्यात काय हुतंय?" एक किलोवर मिटलं.

लवंग मात्र ती पहिलीच, पंचवीस ग्रॅम. निम्मी उरली आहे. पुढच्या वेळी दहाच घेईन.