आठ महिने, चार कुंड्या, चार मिरच्या

बी पेरून आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही, कारण दोन महिन्यांत लिहिलं असतं तर हॅबानेरोला सरळ भोपळा दिला असता. लावल्या होत्या चार: हालापेनो, केयेन, हॅबानेरो आणि भूत जोलोकिया.

हालापेनो आठव्या दिवशी उगवली, केयेन दहाव्या. हॅबानेरोने चोवीस दिवस घेतले. भूत जोलोकियाची तर मी आशाच सोडली होती, एकतिसाव्या दिवशी बियाचं टरफल टोपडं घातल्यासारखं डोक्यावर घेऊन एकच कोंब वर आला. चूक माझीच, ट्रे गार फरशीवर ठेवलेला आणि या दोघींना माती २५ ते ३० डिग्री उबदार लागते, फ्रीजवर ठेवल्यावर कुठे हालचाल झाली.

अजून एक फजिती सांगते. हालापेनोवर उभ्या तपकिरी भेगा दिसल्या, मला वाटलं रोग, पहिल्या आठ मिरच्या तोडून फेकून दिल्या. नंतर कळलं की आतला गर सालीपेक्षा भराभर वाढला की साल अशीच तडकते आणि ती जखम सुकते, बाकी मिरची एकदम ठणठणीत. खरा त्रास फुलकिड्यांचा झाला, पानं वरच्या बाजूला मुडपली, आणि कडक उन्हात फुलगळ, तेव्हा दुपारची सावली केली.

आता तिखट. आकडे सगळ्यांनाच पाठ असतात, हालापेनो २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक), हॅबानेरो १ ते ३.५ लाख, भूत जोलोकिया १० लाखांच्या वर, २००७ मध्ये गिनीजने हिलाच जगात सगळ्यात तिखट ठरवलं होतं. पण स्वयंपाकात या आकड्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही, साल जाड की पातळ आणि वास कसा यावरच सगळं ठरतं. हालापेनो जाड गराची, उन्हात वाळवायला घातली तर चार दिवसांत बुरशी, म्हणूनच पिकलेली धुरावर वाळवून चिपोत्ले करतात हे तेव्हा डोक्यात शिरलं. व्हिनेगरमध्ये चकत्या घातल्या तर मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. केयेनची साल पातळ, आठवड्यात कुरकुरीत, पूड झकास, वासाला मात्र साधीच.

हॅबानेरो चिरली की जर्दाळूसारखा गोड वास येतो, पहिल्यांदा मी सुरी हातात धरून नुसती उभीच राहिले. तो वास फार शिजवलं की उडतो, त्यामुळे सॉस गॅसवरून उतरवला की मग घालायची. शिरा काढल्या की तिखटही बरंच उतरतं, कारण तिखट बियांत नसतं, बिया धरून ठेवणाऱ्या त्या पांढऱ्या गरात असतं. भूत जोलोकियाला ही युक्ती चालत नाही, तिच्या सालीच्या आतल्या बाजूलाही तिखट असतं. आधी वाटतं काहीच नाही, अर्ध्या मिनिटाने घसा पेटतो, आणि पाण्याने काही होत नाही, दूध घ्या.

पुढच्या वेळी हॅबानेरोच्या तीन कुंड्या आणि हालापेनोची एक. भूत जोलोकिया आता पक्ष्यांच्या नावावर, त्यांना तिखट लागतच नाही, रोज सकाळी येऊन आरामात टोचून जातात.