कागद सगळे खरे होते: ‘द्विभाषिक शिक्षक’ पदविकेचा माझा अनुभव

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. गणित विषय घेऊन बी.एस्सी. केल्यावर सहा वर्षे खाजगी क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवले, बी.एड. मात्र केलेले नाही, आणि हौस म्हणून स्पॅनिश भाषा ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत शिकले होते. एवढ्या शिदोरीवर परदेशातील शाळेत शिक्षिका होता येईल असे मला जून २०२४ मध्ये वाशीतील एका संस्थेने पटवून दिले आणि त्यापायी माझे १,८७,००० रुपये गेले. संस्थेविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे तिचे नाव येथे लिहीत नाही. पण ज्या रीतीने हे घडले ती रीत नावाशिवायही सांगता येते, आणि तीच सांगणे अधिक गरजेचे आहे असे मला वाटते.

अभ्यासक्रमाचे नाव ‘आंतरराष्ट्रीय द्विभाषिक शिक्षक पदविका’ असे होते आणि तो स्पॅनिश व मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) अशा दोन शाखांत चालत असे. पहिल्या भेटीत समुपदेशक बाईंनी मला जे सांगितले त्यातील बरेचसे खरे होते, हे आधी मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील काही शाळांत मुले दिवसाचा अर्धा किंवा त्याहूनही अधिक वेळ स्पॅनिश किंवा मँडरिन माध्यमातून गणित, विज्ञान असे विषय शिकतात. कॅलिफोर्नियात १९९८ च्या सार्वमताने अशा शिक्षणावर घातलेली बंधने २०१६ च्या सार्वमताने उठवली गेली. आणि त्यामुळे दोन भाषांत शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची तिकडे गरज आहे. ‘तुम्ही तर गणिताच्या, मॅडम, तुमच्यासाठी नुसती दारे उघडी आहेत,’ असे त्या म्हणाल्या. ‘प्लेसमेंट शंभर टक्के का?’ असे मी विचारले तेव्हा त्यांनी माहितीपत्रकातील ओळीवर बोट ठेवले. ‘शंभर टक्के प्लेसमेंट सहाय्य’ असे तेथे छापले होते. ‘सहाय्य’ हा शब्द मी त्या दिवशी वाचला, पण ऐकला नाही.

माझे वडील एका राष्ट्रीयीकृत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आहेत आणि कागद पारखण्याची सवय त्यांच्या हाडीमांशी भिनलेली आहे. दुसऱ्या भेटीला ते माझ्याबरोबर आले. संस्थेने त्यांच्यापुढे एक जाडजूड फाइल ठेवली. त्यात गुमास्ता परवाना होता, लघुउद्योगांसाठीच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र होते, आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र होते, आणि मागील एका विद्यार्थिनीची पदविका होती, जिच्या पाठीमागे भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद दाखवण्यासाठीचे साक्षांकन, चिकटवलेले होते. बाबांनी घरी येऊन उद्यम क्रमांक संकेतस्थळावर तपासला, अपॉस्टिलचा क्रमांकही तपासला आणि दोन्ही जुळले. ‘कागद खरे आहेत गं,’ असे ते म्हणाले, आणि मी प्रवेश घेतला.

ते कागद आजही खरेच आहेत. कोणता कागद कशाचा पुरावा आहे, हे आम्ही दोघांनीही विचारले नाही, एवढीच आमची चूक झाली. गुमास्ता परवाना म्हणजे त्या गाळ्यात व्यवसाय चालतो याची नोंद होय, आणि ती वडापावच्या दुकानालाही लागते. उद्यम नोंदणी व्यावसायिकाने स्वतः दिलेल्या माहितीवर ऑनलाइन होते. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनपद्धतीचे मानक आहे, त्याचा पदविकेच्या शैक्षणिक मान्यतेशी संबंध नाही. शिवाय आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही, ते बाहेरच्या प्रमाणन संस्था देतात. अपॉस्टिलने तर आम्हाला पुरते चकवले. भारत २००५ पासून ज्या हेग कराराचा सदस्य आहे त्याप्रमाणे अपॉस्टिल फक्त एवढेच सांगते की कागदावरील सही आणि शिक्का खरा आहे व सही करणाऱ्याला तो अधिकार होता. कागदातील मजकूर खरा आहे की नाही, ती पदवी कोठे चालते की नाही, याविषयी ते काहीही म्हणत नाही. खाजगी क्लासचे प्रमाणपत्रसुद्धा नोटरी आणि पुढील साक्षांकनाच्या पायऱ्या चढून तेथवर पोहोचू शकते. परराष्ट्र मंत्रालयाचे नाव पाहून आम्ही समजलो की सरकारने पदविकेला मान्यता दिली. प्रत्यक्षात सरकारने एका सहीला मान्यता दिली होती.

फीचा प्रकार असा झाला. नोंदणीचे १५,००० रुपये रोख घेतले आणि उरलेल्या १,५०,००० रुपयांसाठी ‘बिनव्याजी हप्त्यांची सोय’ सांगितली, म्हणजे दरमहा १२,५०० रुपये, बारा महिने. त्यांच्याच टॅबलेटवर माझी माहिती भरली गेली, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेले ओटीपी मी वाचून दाखवले, आणि तिसऱ्या दिवशी एका वित्त कंपनीचा निरोप आला की माझे कर्ज मंजूर होऊन रक्कम संस्थेच्या खात्यात जमा झाली आहे. ‘कर्ज’ हा शब्द तोपर्यंत कोणीही उच्चारला नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्जदाराला मुख्य अटींचे पत्रक मिळाले पाहिजे आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाशिवाय, कर्जातून बाहेर पडता आले पाहिजे. ते पत्रक मला ईमेलवर आले होते आणि मी ते उघडले नव्हते. उघडले असते तरी मुद्दल संस्थेकडे गेलेले होते, आणि तिने ते परत केल्याशिवाय मी ते कोठून भरणार होते, हा प्रश्न उरतोच. संस्थेशी भांडण झाले म्हणून हप्ता थांबवता येत नाही, कारण कर्जाचा करार वित्त कंपनीशी असतो आणि हप्ता चुकला की सिबिलवर डाग आपल्याच नावाने पडतो. मी सर्व हप्ते भरले. रोख रकमेची पावती ‘सल्ला शुल्क’ या नावाने, वेगळ्याच एका मालकी पेढीच्या शिक्क्याने मिळाली होती. अपॉस्टिल आणि ‘पात्रता मूल्यांकन’ या नावाखाली पुढे आणखी २२,००० रुपये घेतले, त्याची पावती मागूनही मिळाली नाही.

शिकवणी आठ महिने चालली, आठवड्यातून दोनदा दीड तास, म्हणजे सगळी मिळून जेमतेम शंभर तास. शिकवणारा मुलगा मनमिळाऊ होता आणि व्याकरण बरे सांगत असे. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. शेवटी संस्थेने स्वतःची परीक्षा घेतली आणि प्रमाणपत्रावर ‘डेले धर्तीवर, बी-२ समतुल्य’ असे छापून दिले; बी-२ म्हणजे ए-२ च्या दोन पायऱ्या वरची पातळी. स्पॅनिशसाठी जगभर मानली जाणारी डेले परीक्षा स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेस घेते आणि भारतात त्या संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. डेले झालेले असले की झालेले असते. तिच्या ‘धर्तीवर’ झालेले काहीही डेले नसते. मँडरिनच्या शाखेत एचएसके या चिनी भाषेच्या अधिकृत परीक्षेच्या बाबतीत हाच खेळ होता. खारघरहून येणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या प्रमाणपत्रावर ‘एचएसके पाच समकक्ष’ असे लिहिले आहे. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत पाचव्या पातळीला सुमारे २,५०० शब्द यावे लागत. तिने मोजून पाहिले, तिच्या वहीत सहाशेच्या आसपास होते, म्हणजे तिसऱ्या पातळीइतके. तिला असेही सांगितले होते की नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळांत मँडरिन येणार आहे. २०२० च्या धोरणात माध्यमिक स्तरावर देता येतील अशा परकीय भाषांची उदाहरणे दिलेली आहेत. त्यात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत, मँडरिन नाही. २०१९ च्या मसुद्यात चिनी भाषेचा उल्लेख होता, तो अंतिम धोरणातून गळला, आणि संस्थेने मसुद्याचेच पान छापले होते.

फसलो आहोत हे मला एकदम कळले नाही. एप्रिल २०२५ मध्ये घोडबंदर रस्त्यावरील एका शाळेत स्पॅनिश शिक्षिकेची जागा आहे असे समजल्यावर मी, अमेरिका होईल तेव्हा होईल म्हणून, तेथे अर्ज केला. त्यांच्या स्पॅनिशच्या शिक्षिकेने मला फळ्यापाशी उभे केले आणि म्हणाली, सहावीच्या मुलांना तीन चतुर्थांश आणि सहा अष्टमांश सारखेच का, ते स्पॅनिशमधून समजावून सांगा. हा धडा मी मराठीत आणि इंग्रजीत झोपेतही शिकवीन. ‘त्रेस क्वार्तोस’, ‘सेइस ओक्तावोस’ एवढे म्हणून मी खडूने एक भाकरी काढली, तिचे तुकडे केले आणि पुढे माझ्याकडे वाक्यच नव्हते. समजा, कापले, उरले, तेवढेच झाले, बघा बरं, तुला काय वाटते, हे वर्गात क्षणोक्षणी लागणारे बोलणे आठ महिन्यांत आम्हाला कोणी शिकवले नव्हते. आम्ही विमानतळावर सामान कसे शोधावे ते शिकलो होतो. भाषा शिकवणे वेगळे आणि भाषेतून विषय शिकवणे वेगळे, हे मला त्या फळ्यापाशी समजले. मुख्याध्यापिकांनी नम्रपणे विचारले, बी.एड. आहे का, डेले कोणती झाली आहे. दोन्ही उत्तरे नाही अशीच होती.

त्यानंतर मी जे आधी करायला हवे होते ते केले, म्हणजे मूळ नियम वाचले. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता लागते; मान्य संस्थांची यादी तिच्या संकेतस्थळावर आहे, आणि बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे आहे. पहिली ते आठवीसाठी परिषदेने २०१० मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक केली, आणि केंद्रीय टीईटीच्या वीस भाषांत गारो आणि खासी आहेत, पण स्पॅनिश किंवा मँडरिन नाही. अमेरिकेत शिक्षकाचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. कॅलिफोर्नियात आधी मूळ शिक्षक-परवाना आणि त्यावर द्विभाषिक अध्यापनाची वेगळी मान्यता लागते, टेक्सासमध्ये स्पॅनिश द्विभाषिक वर्गासाठी भाषेची वेगळी परीक्षा आहे. परदेशी शिक्षकांसाठीच्या जे-१ व्हिसाची अट तर अशी आहे की उमेदवार स्वतःच्या देशात शालेय शिक्षक होण्यास पात्र असला पाहिजे आणि त्याला दोन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे ज्या बी.एड.ला वळसा घालून जाण्यासाठी मी पैसे मोजले, त्याच बी.एड.पाशी रस्ता परत येत होता. जे-१ चे अधिकृत प्रायोजक अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत दिलेले आहेत. त्यातील एकाला मी ईमेल केला, त्याने दुसऱ्या दिवशी चार ओळींत हेच कळवले आणि त्याचा एक पैसाही घेतला नाही.

संस्थेत जाऊन विचारले तेव्हा आधी ‘सर बाहेरगावी आहेत’ झाले, मग ‘तुमची फाइल तिकडे पाठवली आहे’ झाले, मग फोन उचलणे बंद झाले. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे असे सांगितले. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेल्यावर लगेच फोन करायच्या १९३० या मदत क्रमांकाचा मला काही उपयोग नव्हता, कारण पैसे माझ्याच ओटीपीने, माझ्याच संमतीने आणि दहा महिन्यांपूर्वी गेले होते. वित्त कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, तेथे मी गेले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारदार जेथे राहतो तेथे दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, म्हणून मी ठाण्यातच दाखल केला.

वकिलांनी माझे सर्व कागद पाहून बाजूला ठेवले आणि मोबाइल मागितला. समुपदेशक बाईंनी प्रवेशाच्या आदल्या रात्री पाठवलेला ‘हो मॅडम, नोकरी पक्की, निर्धास्त राहा’ हा व्हॉट्सॲप संदेश हा माझ्याकडचा सर्वांत मोलाचा पुरावा ठरला आहे. तो भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह दाखल करावा लागला. त्या रात्री मी सहज विचारले म्हणून तो मिळाला. संस्थेच्या लेटरहेडवर ‘ही पदविका एनसीटीईमान्य आहे का, आणि ती कोणत्या राज्याचा परवाना देते’ एवढ्या दोन प्रश्नांचे उत्तर मी लेखी मागितले असते तर बहुधा उत्तरच आले नसते, आणि तेही पुरेसे होते. संस्थेने आयोगापुढे उत्तर दिले आहे की पदविका म्हणजे अध्यापनाचा परवाना आहे असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. माहितीपत्रक मी पुन्हा ओळीने वाचले. खरोखरच कोठेही म्हटलेले नाही.

आमच्या बॅचमधील दोघींनी आता तक्रार केली आहे, बाकीच्या लाजेने गप्प आहेत. ग्राहक आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि जून २०२४ च्या प्रवेशांवरून ती धरली जाईल की पुढील एखाद्या तारखेपासून, यावर वाद होऊ शकतो, म्हणून ज्यांनी त्या सुमारास अशा पदविकेला प्रवेश घेतला त्यांनी थांबू नये. वाशीतील गाळा रिकामा झाला आहे. बेलापूरला त्याच समुपदेशक बाई नव्या पाटीखाली बसतात, मँडरिन काढून कोरियन आणि जपानी घेतली आहे, आणि नमुना म्हणून दाखवतात ती पदविका अपॉस्टिल केलेली आहे. बाबांनी तिचाही क्रमांक तपासला. तो जुळतो.