स्वतःच्या भाषेला प्रॉम्प्ट टूलकिटचा शेल: बरेच महिने रोज वापरल्यावर

आमच्याकडे नियम लिहायला एक छोटी भाषा आहे, पार्सर (मजकुराची व्याकरणानुसार फोड करणारा भाग) लार्क या पायथन लायब्ररीवर, इंटरप्रिटर (ती भाषा चालवणारा भाग) पायथनमध्ये, ब्लॉक महिरपी कंसांचे. तिचा शेल, म्हणजे टाइप करून लगेच चालवून बघायची टर्मिनलमधली सोय, आम्ही प्रॉम्प्ट टूलकिट या पायथन लायब्ररीवर केला. स्वतःच्या भाषेसाठी असा शेल शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण सुरुवातीला वाटतं की रंग, टॅब कम्प्लीशन (टॅब दाबून शब्द पूर्ण होणं) आणि हिस्टरी जमलं की शेल झाला, आणि प्रत्यक्षात सगळा जीव एकाच प्रश्नात अडकतो: एंटर दाबल्यावर माणसाचं बोलून झालंय की अजून बाकी आहे?

आधी बाकीचे पर्याय. आरएलरॅप ही छोटी कमांड हा सगळ्यात स्वस्त उपाय, तुमच्या प्रोग्रॅमला हातही न लावता त्याला रीडलाइन या लायब्ररीचं ओळ-एडिटिंग आणि हिस्टरी मिळते, भाषा एकेका ओळीची असेल तर खरंच तिथेच थांबा. दुसरा पर्याय आयपायथन, म्हणजे पायथनचाच सुधारलेला शेल. त्यात इनपुट ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे टाइप केलेल्या ओळी तुमच्या फंक्शनमधून जातात आणि बदलून पुढे पायथन म्हणून चालतात. सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअर हेच करतं, तिथे २^३ लिहिलं की प्रीपार्सर त्याचं पायथनचं घातांकाचं चिन्ह करतो आणि साध्या आकड्यांना स्वतःच्या इंटिजरमध्ये गुंडाळतो. भाषा पायथनच्या जवळची असेल तर हा मार्ग फार सुंदर आहे. पण आमची नाही, आणि शेवटी पायथनच चालणार म्हटल्यावर एररमध्येही बदललेला पायथन दिसतो, नियम लिहिणाऱ्याने तो कोड कधी पाहिलेलाच नसतो, त्याने काय समजायचं? म्हणून प्रॉम्प्ट टूलकिट. आयपायथन स्वतः २०१६ मध्ये ५.० पासून टर्मिनलसाठी हेच वापरतं, पीजीसीएलआय (पोस्टग्रेस डेटाबेसचा शेल) आणि झॉन्श (पायथनवरचा कमांड शेल) हेही याच्यावर चालतात, आणि लायसन्स बीएसडी.

रंगांसाठी पिग्मेंट्स या कोड रंगवणाऱ्या लायब्ररीचा लेक्सर (मजकुराचे शब्द, चिन्हं असे तुकडे पाडणारा भाग) लिहिला की झालं. हिस्टरीतून पुढची ओळ फिकट रंगात सुचवणं एका ऑप्शनवर चालू होतं. व्हीआय एडिटरसारख्या कीजचा मोड पण आहे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, सांगितल्यासारखं चालतं.

आता एंटर. मल्टिलाइन चालू केलं की एंटर फक्त नवी ओळ देतो आणि इनपुट पाठवायला एस्केप मग एंटर दाबावं लागतं, हे कुणालाही सांगून लक्षात राहत नाही. त्यामुळे एंटरला स्वतःचं की बाइंडिंग, म्हणजे ती की दाबल्यावर चालणारं फंक्शन, द्यायचं: आतापर्यंतचा मजकूर पार्सरला द्या, पूर्ण असेल तर चालवा, अपुरा असेल तर नवी ओळ टाका, चुकीचा असेल तर चूक दाखवा. तीन उत्तरं. आणि बहुतेक हाताने लिहिलेले पार्सर दोनच देतात, बरोबर किंवा एरर. इथे लार्कचा एलएएलआर मोड (पार्सिंगची एक पद्धत) कामी येतो, कारण मजकूर मध्येच संपला तर एररमधलं टोकन, म्हणजे लेक्सरने पाडलेला तुकडा, शेवटाचं खास टोकन असतं, म्हणजे अपुरं आणि चूक सरळ वेगळं करता येतं. मात्र न मिटलेलं अवतरणचिन्ह पार्सरपर्यंत पोचतच नाही, लेक्सरच आधी ओरडतो, ते वेगळं पकडावं लागतं, तसंच न मिटलेली कॉमेंट. माझं ठाम मत असं झालंय की नवी भाषा करताना पार्सरने ही तीन उत्तरं पहिल्या दिवसापासून द्यावीत, शेल नंतर येऊ दे.

आणि मग एल्स! इफचा ब्लॉक कंसाने बंद केला आणि एंटर दाबलं की ते वाक्य पूर्णच आहे, चालून जातं, मग पुढच्या ओळीवर एल्स आला की एरर. आर भाषेच्या कन्सोलमध्ये अगदी हेच होतं, एल्स कंसाच्याच ओळीवर लिहावा लागतो. पायथनने रिकाम्या ओळीवर ब्लॉक संपवून हे टाळलंय, पीजीसीएलआयच्या मल्टिलाइन मोडमध्ये सेमिकोलन लागतो. आम्ही असं ठरवलं की एकाच ओळीचं इनपुट लगेच चालेल, पण एकदा दुसरी ओळ सुरू झाली की रिकाम्या ओळीशिवाय काही चालणार नाही. एक एंटर जास्त लागतो पण आता कुणाला विचार करावा लागत नाही. पेस्टची काळजी नको, ब्रॅकेटेड पेस्टमुळे (टर्मिनल पेस्टच्या दोन्ही टोकांना खूण लावतो ती सोय) चिकटवलेला मजकूर एकगठ्ठा येतो आणि त्यातल्या रिकाम्या ओळींवर बाइंडिंग चालतच नाही.

कम्प्लीशनमध्ये मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. लार्कच्या इंटरॅक्टिव्ह पार्सरला कर्सरआधीचा मजकूर द्या, अर्धवट शेवटचा शब्द सोडून, आणि विचारा की इथे पुढे कोणती टोकन चालतील. व्हेरिएबल चालत असेल तिथेच व्हेरिएबलची नावं, कीवर्ड चालत असेल तिथेच कीवर्ड. व्याकरण बदललं की कम्प्लीशन आपोआप बदलतं, वेगळी यादी सांभाळायची नाही. हे फक्त एलएएलआरमध्ये मिळतं, लार्कचा डिफॉल्ट अर्ली ही दुसरी पद्धत आहे, तेव्हा आधी व्याकरण एलएएलआरमध्ये बसवून घ्या. मोठ्या इनपुटवर टायपिंग अडखळायला लागलं तर कम्प्लीशन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे टायपिंगला न अडवता मागे, टाकायचा ऑप्शन आहे, तो लावाच.

कंट्रोल सी वेगळं प्रकरण. प्रॉम्प्टवर असताना तो कीबोर्ड इंटरप्ट देतो आणि कंट्रोल डी ईओएफ एरर (इनपुट संपल्याचा), हे दोन्ही पायथनचे एक्सेप्शन पकडणं सोपं. पण तुमचा इंटरप्रिटर सी किंवा रस्टमध्ये असेल आणि पायथनमधून बोलावत असाल तर नियम चालू असताना कंट्रोल सी दाबून काहीच होत नाही, कारण पायथनचा सिग्नल हँडलर सीमधून परत आल्यावरच चालतो. लूपमध्ये अधूनमधून सिग्नल तपासायची सोय आतच करावी लागते. आमचा पायथनमध्ये आहे म्हणून हे सुटलं.

ब्राउझरमधली नोटबुकही हवी असेल तर हे सगळं न करता ज्युपिटरचा कर्नल (मागे वेगळ्या प्रोसेसमध्ये तुमची भाषा चालवणारा भाग) लिहा, बेस क्लासमध्ये एक्झिक्यूटचं फंक्शन भरलं की ज्युपिटर कन्सोलमध्ये टर्मिनल शेल फुकट मिळतो. तिथेही पूर्ण की अपुरं हा मेसेज आहेच, प्रश्न तोच, फक्त दुसऱ्या दारातून येतो. आम्हाला नोटबुक नको होती आणि एका शेलमागे वेगळी प्रोसेस चालवणं जड वाटलं.

हिस्टरी फाइलबद्दल एक सांगते. प्रॉम्प्ट टूलकिटच्या फाइल हिस्टरीत अनेक ओळींचं इनपुट एकच नोंद म्हणून राहतं, वर वेळ आणि प्रत्येक ओळीआधी अधिक चिन्ह, म्हणजे छोट्याशा स्क्रिप्टने सगळं सुटं करता येतं. टीममधल्यांना विचारून आम्ही त्या फाइल गोळा करतो आणि त्यातली जी इनपुट पार्सरने चूक म्हणून परत केली ती सरळ टेस्टमध्ये टाकतो, एररचे मेसेज आता त्यावरूनच सुधारतोय.