सांगलीत नवी बाईक घेताना: हंटर ३५०, एमटी-१५ आणि आमच्या टेबलावरची रेसची आरएक्स

शेवटी मी रॉयल एन्फिल्डची हंटर ३५० घेतली. तिच्याबरोबर यामाहा एमटी-१५ आणि हिरोची एक्सपल्स २०० या दोन गाड्या चालवून पाहिल्या होत्या. पण मनातल्या मनात या तिघींची तुलना मी एका चौथ्याच गाडीशी करत होते, ती म्हणजे टू-स्ट्रोक यामाहा आरएक्स १००. ही गाडी १९९६ साली बंद झाली, आणि आजही आमच्या दुकानात दर आठवड्याला तिचा एखादा तरी ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर) बोरिंगला येतोच.

आमचं बोरिंग-होनिंगचं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करायचं आणि घासून नीट करायचं दुकान आहे. अण्णांनी सुरू केलं, त्यांच्यानंतर मी चालवते. दुकानात बसून गाड्या आतून बघायची सवय लागते. लोक टाकीचा रंग आणि हेडलाइट बघतात, माझं लक्ष सिलिंडरच्या भिंतीकडे जातं. त्यामुळे या लिखाणात दिसण्याबद्दल फार काही मिळणार नाही.

गाडी कशासाठी हवी होती ते आधी सांगते. माधवनगरहून कुपवाड एमआयडीसीला रोजची ये-जा. आठवड्यातून एकदा आईला मागे बसवून मिरजेला दवाखान्यात. आणि हंगामात तासगावकडे नाहीतर पेठकडे जाताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना हात-दोन हात बाहेर आलेला ऊस, आणि रात्री मागे दिवा असेलच याची खात्री नाही. अशा रस्त्यावर दोन गोष्टी लागतात. वरचा गिअर न बदलता खालून ओढणारं इंजिन, आणि ओल्या मळीवरसुद्धा चाक न धरता थांबवणारे ब्रेक. माझी निवड याच दोन गोष्टींवर झाली.

एक्सपल्सचं आधी सांगून टाकते, कारण ती लवकर बाद झाली. गाडी चांगली आहे. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, शेतातल्या रस्त्याला तिच्यासारखी दुसरी नाही. पण सीट ८२५ मिलिमीटरवर. माझे पाय कसेबसे टेकले, आईला तर पायरी लागली असती. वाळव्याकडे किंवा जतच्या बाजूला ज्यांचं शेत आत आहे, त्यांनी तिचा जरूर विचार करावा.

एमटी-१५ ने मला खऱ्या अडचणीत आणलं. मामेभावाची गाडी घेऊन मी मिरज-पंढरपूर रस्त्याने दंडोबाच्या पायथ्यापर्यंत गेले. १५५ सीसी, १८.४ पीएस ताकद, सहा गिअर, वजन १४१ किलो. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तिचं इंजिन मिनिटाला ७,४०० फेऱ्यांच्या आसपास व्हॉल्व्हचा कॅम बदलतं. तिथून पुढे आवाज बदलतो आणि गाडी ताणून धरते. वाढत्या फेऱ्यांबरोबर वाढणारा हा जोर आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांमध्ये मला आरएक्सच्या सगळ्यात जवळचा वाटला. वळणावर तर ती आरएक्सपेक्षा कितीतरी पुढे आहे. फ्रेम ताठ, पुढचे शॉकअप जाड, डिस्क ब्रेक अगदी बोटावर.

मग घेतली का नाही? पहिलं कारण आई. मागची सीट उंच आणि अरुंद आहे, ती तरुण मुलांसाठीच केलेली. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. एमटी-१५ आणि आर१५ या गाड्यांचा सिलिंडर डायसिल प्रकारचा असतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉनचं प्रमाण भरपूर ठेवून तो ओततात आणि आत बिडाची स्लीव्ह (नळी) नसते. फायदे खरे आहेत. उष्णता लवकर बाहेर जाते, वजन कमी होतं, भिंत कडक असल्यामुळे झिजतेही हळू. तेल वेळेवर बदलणाऱ्याला वर्षानुवर्षं त्रास नाही. पण एकदा ओरखडा पडला, तर आमच्यासारख्या दुकानात तो बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवता येत नाही. ब्लॉकच नवा घ्यावा लागतो. हा गाडीचा दोष म्हणून मी सांगत नाही. बनवणाऱ्याने टिकाऊपणा निवडला आणि दुरुस्ती सोडली, एवढंच. ग्राहकाला हे विकत घेण्याआधी माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आरएक्सचं याच्या नेमकं उलट आहे. ५० मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), ५० चा स्ट्रोक (पिस्टनची चाल), ९८ सीसी. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम, आत बिडाची स्लीव्ह. झिजली की पाव मिलिमीटर वाढवायची, पुन्हा झिजली की अर्धा, मग पाऊण, मग एक. तेवढ्यावर संपली की नवी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा पन्नासपासून सुरुवात. पिस्टन आणि भिंतीमध्ये साधारण दीड थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंतर ठेवून होनिंग केलं की ब्लॉक परत नव्यासारखा. एका गाडीला दोन पिढ्या पुरतील अशी ही रचना आहे. १९८५ च्या नोव्हेंबरात ही गाडी आपल्याकडे आली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून सुट्या भागांत येऊन एस्कॉर्ट्स कंपनीकडे जोडल्या जात. ताकद ११ हॉर्सपॉवर, वजन सुमारे १०३ किलो. त्या काळच्या शंभर सीसीच्या गाड्यांमध्ये तिला तोड नव्हती.

आता रेसच्या गाडीबद्दल. खरं तर तिच्याबद्दल लिहायला मिळावं म्हणूनच हे लिहायला बसले.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मोटारसायकल रेसिंगचं वेड जुनं आहे. डर्ट ट्रॅकवर पळणाऱ्या आरएक्सची कामं अण्णांकडे यायची. त्यांतली एक गाडी आमच्या एका जुन्या मिस्त्रींकडे आहे आणि तिचा ब्लॉक अधूनमधून माझ्या टेबलावर येतो. मडगार्ड काढलेले, सीटचा फोम अर्ध्यावर आणलेला, इंजिनात आपोआप ऑइल सोडणारा ऑटोल्यूबचा पंप काढून टाकलेला. त्यामुळे ऑइल थेट पेट्रोलमध्ये मापाने मिसळायचं. रेसला मिस्त्री एरंडेलापासून बनवलेलं ऑइल वापरत. त्या धुराचा गोडसर वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही. ब्लॉक देताना मिस्त्री दर वेळी एकच वाक्य बोलतात, “ताई, होनिंग मारा, पण पोर्टला हात लावू नका. अण्णांनी केलेलं हाय त्ये.”

पोर्ट म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली खिडकी. टू-स्ट्रोकला वर व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना या खिडक्या उघडतो आणि झाकतो. एग्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर सोडणारी खिडकी किती उंचीवर उघडते, यावर इंजिनाचा सगळा स्वभाव ठरतो. ती कानसेने थोडी वर नेली की ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खालची ओढ कमी होते. रुंद केली तर जास्त धूर मोकळा होतो, पण हाव केली की पिस्टनची रिंग त्या खिडकीत अडकून तुटते. अण्णा ब्लॉकच्या आत कागद गुंडाळून पेन्सिल घासायचे. सगळ्या पोर्टचा छाप कागदावर उठायचा. मग त्या नकाशावर मापं टाकून कानस चालवायची. त्यांची ती वही माझ्याकडे आहे, आणि रेसचं काम आलं की मी आजही आधी कागदच गुंडाळते.

उरलेली जादू सायलेन्सरची. रेसच्या गाडीला मधे फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा एक्स्पान्शन चेंबर असतो. एग्झॉस्ट उघडल्यावर निघालेली दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते, आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये परत ढकलते. हे ठरावीक फेऱ्यांमध्येच जुळून येतं. म्हणून खाली गाडी नरम, आणि तो पट्टा आला की दोरी सुटलेल्या शर्यतीच्या खोंडासारखी ती पुढे झेपावते. टू-स्ट्रोक जे प्रेमाने आठवतात, त्यांना ही झेपच आठवत असते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा जोर मिळतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. हँडलवर हात असला की हा फरक मनगटात कळतो.

याच घराण्यातली थोरली म्हणजे राजदूत ३५०, आरडी. १९८३ साली आलेली, ३४७ सीसीची दोन सिलिंडरची, सहा गिअरची. तिच्यातल्या ‘हाय टॉर्क’ म्हणतात त्या प्रकाराला साडेतीस हॉर्सपॉवर. यामाहाच्या टीझेड रेसिंग गाड्यांशी तिचं जवळचं नातं. आपल्याकडे मात्र तिला पुढेसुद्धा ड्रमच दिला होता. तिचे ब्लॉक माझ्याकडे क्वचित येतात. आले की त्या दिवशीची बाकीची कामं मी बाजूला ठेवते. पण एखादा तरुण “ताई, पहिली गाडी म्हणून आरडी घेऊ का?” असं विचारतो तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणते. सुटे भाग दुर्मिळ, पेट्रोल भरपूर, आणि त्या वेगाला तो ड्रम ब्रेक पुरत नाही.

हंटरकडे मी वळले ती ब्रेक आणि ओढ या दोन कारणांनी. ३४९ सीसी, २०.२ हॉर्सपॉवर, आणि २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, तोही ४,००० फेऱ्यांवर. आरएक्स तिचा १० च्या आसपासचा टॉर्क साडेसहा हजारांवर देते. ट्रॉलीच्या मागे चाळीसच्या वेगाने अडकल्यावर समोर मोकळा तुकडा दिसला, तर हंटर गिअर न पाडता निघते. हंटरचं वजन १८१ किलो. ताकद आणि गाडीचं वजन यांचा भागाकार केला तर आरएक्स आणि हंटर जवळजवळ बरोबरीत येतात. ९८ सीसीची गाडी ३४९ सीसीच्या बरोबरीत! अर्थात माणूस बसला की हंटर पुढे सरकते, कारण बसणाऱ्याचं वजन हलक्या गाडीला जास्त भोवतं.

हे १८१ किलो उभ्या गाडीला ढकलताना जाणवतात. दुकानाच्या उंबऱ्यावरून मागे घेताना मी रोज जोर लावते. चालू लागली की वजन विसरायला होतं. चाकं १७ इंची असल्यामुळे ती गणपती पेठेच्या गर्दीतही चटकन वळते. सीट ७९० मिलिमीटरवर, आई न धरता चढते. आंबा घाटात तिसऱ्या गिअरवर सगळी वळणं निघाली. वेगाच्या हौशीने घेऊ नका, शंभरच्या पुढे ती सावकाश चढते. आणि पैसे वाचवण्यासाठी एकाच चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक धरू न देणारी यंत्रणा) असलेली खालची गाडी घेऊ नका. मळीचा रस्ता मागच्या चाकाला आधी घसरवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा वरच्या गाडीच्या जादा पैशांतला काही भाग त्यातच भरून निघतो.

एक गोष्ट सांगलीकरांनी विशेष ध्यानात घ्यावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर आमच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली. जुन्या टू-स्ट्रोक आम्ही उघडल्या, गाळ धुतला, क्रँकच्या बेअरिंग आणि ऑइल सील बदलल्या, स्लीव्हवरचा गंज होनिंगने काढला आणि त्या सुरू झाल्या. नव्या गाड्यांची इंजिनंही वाचली, पण वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक बॉक्स पाण्यात राहिलेल्यांचा खर्च खूप वर गेला. नदीकाठच्या गल्लीत राहत असाल तर पूर आल्यावर गाडी कुठे नेऊन लावायची ती जागा आधीच ठरवून ठेवा, आणि विम्यात पुराचं नुकसान धरलंय का ते वाचून घ्या.

ज्यांना रेसची जुनी आरएक्स घ्यायचीच आहे, त्यांना माझा विरोध नाही, उलट आनंदच आहे. फक्त तिला ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली लागते. पहिल्या आरएक्सलाही २०३५ पर्यंत थांबावं लागेल, आणि पोर्ट कापलेली गाडी मूळ रूपातली राहिलेली नसते. तोवर पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी दर पाच वर्षांनी करावीच लागते. रेसचा मोकळा सायलेन्सर रस्त्यावर चालत नाही, तो ट्रॅकवरच.

घेताना आरसी बुकातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. ऑइल पंप आहे का ते विचारा. नसेल आणि तुम्ही साधं पेट्रोल भरलंत तर काही किलोमीटरमध्ये पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर भरपूर येत असेल तर क्लचकडचं क्रँक सील गेलेलं असण्याची शक्यता धरा, इंजिन गिअरचं ऑइल ओढत असतं. मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनते त्या बाजूचं) सील गेलं असेल तर जादा हवा आत येते, आयडलिंग आपोआप वाढतं, आणि हे जास्त धोक्याचं, कारण त्यातूनही पिस्टन धरतो. मग विकणाऱ्याला हेड उघडायला सांगा. पिस्टनच्या डोक्यावर त्याचं ओव्हरसाइज कोरलेलं असतं. तिथे पन्नास किंवा पंचवीसचा आकडा (म्हणजे अर्धा किंवा पाव मिलिमीटर) असेल तर स्लीव्हमध्ये अजून आयुष्य आहे. शंभरचा (पूर्ण एक मिलिमीटर) असेल तर नव्या स्लीव्हचे आणि मजुरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा. हेड उघडायला तो तयार नसेल तर गाडी सोडून द्या, दुसरी मिळते.